गोळी जुनी, मक्तेदारी नवी : हरकत कोणी घ्यायची?



या पानावर मी बहुतेक वेळा खोकला, रक्तक्षय, बाळंतपण, लसीकरण असे विषय घेते. या वेळी विषय पेटंटचा आहे. हा तर वकिलांचा आणि कंपन्यांचा विषय, वस्तीतल्या माणसाचा त्याच्याशी काय संबंध, असे कोणालाही वाटेल. संबंध अगदी साधा आहे. सरकारी दवाखान्यात क्षयरोगाची जी गोळी आपल्याला फुकट मिळते, ती सरकारला विकतच घ्यावी लागते. ती किती रोग्यांना पुरेल हे तिच्या किमतीवर ठरते. आणि ती एकच कंपनी बनवणार की दहा, हे पेटंटवर ठरते.

पेटंट म्हणजे शोध लावणाऱ्याला सरकारने दिलेली वीस वर्षांची मक्तेदारी. तेवढा काळ दुसऱ्या कोणी ती वस्तू बनवायची नाही, विकायची नाही. खरा शोध असेल तर याला माझा विरोध नाही. वीस वर्षे संपत आली की त्याच औषधाला थोडे शुद्ध करून, त्याचा क्षार बनवून, त्याचे स्फटिक बदलून पुन्हा नव्या वीस वर्षांचा अर्ज केला जातो, विरोध त्याला आहे. अशा अर्जावर हरकत घेण्याचा हक्क कायद्याने प्रत्येकाला दिला आहे. तो हक्क वापरला की काय होते, हे २०२३ साली मुंबईत दिसले. आणि तोच हक्क आता अरुंद होत चालला आहे, म्हणून हा लेख.

तुरटी, खडीसाखर आणि शोध

जळगाव जामोद, संग्रामपूर, शेगाव या पट्ट्यात पाणी शुद्ध करणे म्हणजे काय, हे कोणाला शिकवायला नको. पावसाळ्यात गढूळ पाणी आले की हंड्यात तुरटी फिरवायची, गाळ खाली बसू द्यायचा, वरचे पाणी फडक्याने गाळून घ्यायचे. उद्या एखादी कंपनी आली आणि म्हणाली, "तुरटी तीनदा न फिरवता पाचदा फिरवायची रीत आम्ही शोधली आहे, वीस वर्षे आम्हाला विचारल्याशिवाय ती कोणी वापरायची नाही," तर वस्तीतली कोणतीही आजी हसेल.

पण खारपाण पट्ट्यातल्या बोअरच्या पाण्यात विरघळलेले क्षार तुरटीने जात नाहीत, हेही त्या आजीला ठाऊक आहे. ते क्षार अडवणारा बारीक पडदा ज्यांनी पहिल्यांदा तयार केला, त्यांनी जाणत्या माणसालाही सहज न सुचणारे काम केले. तुरटी पाचदा फिरवणे हे उघड होते, तो पडदा हा शोध होता.

पेटंट कायदा नेमके हेच विचारतो. आधीची माहिती समोर असताना त्या विषयातल्या जाणकाराला ही गोष्ट सहज सुचली असती का? सुचली असती तर ती उघड, आणि उघड गोष्टीला पेटंट नाही. औषधाच्या कारखान्यात शुद्धीकरणाच्या बहुतेक रीती जुन्याच आहेत. पदार्थ विरघळवायचा, तापवायचा, सावकाश थंड होऊ द्यायचा, स्फटिक जमले की गाळून घ्यायचे. साखरेच्या पाकातून खडीसाखर याच तत्त्वावर होते. पाक कोणत्या भांड्यात किती वेळ ठेवला, एवढ्यावर मक्तेदारी मागितली तर ती देऊ नये, असे सरळ बुद्धी सांगते. आपला कायदाही तेच सांगतो.

२००५ साली आपल्या पेटंट कायद्याच्या कलम ३(डी) मध्ये दुरुस्ती झाली. तिचा अर्थ असा. माहीत असलेल्या पदार्थाचा क्षार, त्याचे वेगळे स्फटिक, त्याचे शुद्ध रूप, त्याच्या कणांचा वेगळा आकार हे सगळे तोच पदार्थ मानले जाईल. रोगावरचा परिणाम खरोखर बराच वाढतो, हे अर्जदाराने दाखवले तरच गोष्ट वेगळी. माहीत असलेली रीत नुसती वापरली तर तिलाही पेटंट नाही. त्या रीतीतून नवा पदार्थ निघाला पाहिजे, किंवा निदान एक तरी नवे रसायन तिच्यात वापरलेले पाहिजे.

ही तरतूद सहज आलेली नाही

इंग्रजांच्या काळचा १९११ चा पेटंट कायदा परदेशी कंपन्यांच्या सोयीचा होता. १९६० च्या दशकात मुंबई उच्च न्यायालयात एक खटला चालला. मधुमेहावरचे टॉल्ब्युटामाइड हे औषध जर्मनीच्या हेक्स्ट कंपनीच्या पेटंटखाली होते. मुंबईच्या युनिकेम कंपनीने ते बनवायला घेतले. आमची रीत परळच्या हाफकिन संस्थेने काढलेली आहे, असे तिचे म्हणणे होते. शिवाय हेक्स्टचे पेटंट मुळातच टिकणारे नाही, त्यात शोध असा काही नाही, हाही मुद्दा मांडला गेला. न्यायालयाने निकाल हेक्स्टच्या बाजूने दिला. सरकारी संस्थेतल्या आपल्याच शास्त्रज्ञांची रीत आपल्या कारखान्याला वापरता आली नाही.

न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ सालीच सरकारला अहवाल देऊन हा कायदा बदलायला सांगितले होते. त्या आधारे १९७० चा कायदा आला. औषध या वस्तूवर पेटंट देणे बंद झाले. पेटंट फक्त बनवण्याच्या रीतीवर, तेही जास्तीत जास्त सात वर्षे. त्यानंतरच्या तीस वर्षांत आपल्या देशात औषधांचे कारखाने उभे राहिले आणि भारताची स्वस्त औषधे आफ्रिकेपर्यंत गेली. पुढे जागतिक व्यापार कराराच्या अटीमुळे १ जानेवारी २००५ पासून औषधांवरचे पेटंट पुन्हा सुरू झाले. तेव्हा संसदेने कलम ३(डी) घातले ते या परतलेल्या मक्तेदारीला कुंपण म्हणून.

इंजेक्शनांचे दिवस

आता क्षयरोगाकडे येते. जगातल्या क्षयरोग्यांपैकी चारात एक भारतात आहे. नेहमीच्या गोळ्यांना न जुमानणारा क्षयरोगही आपल्याकडे मोठा आहे. रिफाम्पिसिन आणि आयसोनियाझिड ही दोन मुख्य औषधे ज्या जंतूवर चालत नाहीत, त्याला एमडीआर म्हणतात.

मी नोकरीत असताना या रोग्यांचा उपचार दोन वर्षांचा असे, आणि त्यातले पहिले सहा महिने किंवा त्याहून जास्त कॅनामायसिनचे इंजेक्शन. कुल्ल्यावर गाठी येत. सुई कुठे टोचायची ही जागा शोधावी लागे. काही रोग्यांच्या आधी कानात शिट्टी वाजू लागे, मग हाक ऐकू येईनाशी होई. वीटभट्टीवर काम करणारा माणूस क्षयातून वाचायचा, पण मागून येणारा ट्रॅक्टर त्याला ऐकू यायचा नाही. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. जीव की कान, असा सौदा गरिबाकडून करून घेतला जात होता. अनेकांना तो सौदा आहे हे आधी सांगितलेही जात नव्हते.

बेडाक्विलिन या गोळीने हे चित्र बदलले. क्षयाच्या जंतूला जगायला लागणारी ऊर्जा तयार होते, तीच यंत्रणा ही गोळी बंद पाडते. डिसेंबर २०१२ मध्ये तिला अमेरिकेत परवानगी मिळाली. चाळीस वर्षांहून जास्त काळानंतर क्षयावर आलेले हे नव्या प्रकारचे पहिले औषध. २०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेने इंजेक्शन मागे ठेवून बेडाक्विलिन असलेल्या गोळ्यांच्या उपचाराला प्राधान्य द्यायला सांगितले.

पण गोळी होती एकाच कंपनीकडे, जॉन्सन अँड जॉन्सनकडे. सुरुवातीला सहा महिन्यांच्या उपचाराची किंमत श्रीमंत देशांना ३०,००० डॉलर आणि सर्वांत गरीब देशांना ९०० डॉलर होती. भारतात २०१६ साली ती मोजक्या मोठ्या शहरांतल्या निवडक केंद्रांवरच सुरू झाली. पाटण्याच्या एका मुलीला ती मिळावी म्हणून तिच्या वडिलांना २०१७ साली दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले. पाटण्याच्या माणसाला जिथे न्यायालय गाठावे लागले, तिथे सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरच्या माणसाचे काय झाले असते, याचा विचार करा.

मुंबईतली हरकत

बेडाक्विलिनचे भारतातले मूळ पेटंट जुलै २०२३ मध्ये संपणार होते. मूळ पेटंटबद्दल इथे माझी तक्रार नाही. औषध नवे होते, कंपनीला वीस वर्षे मिळाली. पण कंपनीने मुंबईच्या पेटंट कार्यालयात आणखी एक अर्ज करून ठेवला होता. त्यात औषध तेच होते, फक्त फ्युमॅरिक आम्लाशी जोडून केलेल्या क्षाराच्या रूपात, आणि सोबत गोळी पोटात नीट भिजावी म्हणून घातलेला एक पदार्थ. हा अर्ज मंजूर झाला असता तर मक्तेदारी डिसेंबर २०२७ पर्यंत लांबली असती.

या अर्जाला हरकत घेणाऱ्या दोघी क्षयातून उठलेल्या बाया आहेत. एक मुंबईच्या नंदिता वेंकटेशन, दुसऱ्या दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले. क्षयाच्या इंजेक्शनांनी दोघींची श्रवणशक्ती गेलेली. नंदिता भरतनाट्यम करणाऱ्या, कान गेल्यावरही पुन्हा नाचायला उभ्या राहिलेल्या. २०१९ साली या दोघींनी डॉक्टरांच्या 'मेडिसिन्स सान्स फ्रंटियर्स' या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मदतीने हरकत दाखल केली. महाराष्ट्रातल्या एचआयव्हीसह जगणाऱ्या लोकांच्या नेटवर्कचीही हरकत होती. एचआयव्ही असलेल्या माणसाला क्षयाचा धोका कितीतरी जास्त, त्यामुळे ही त्यांचीही लढाई होती.

त्यांचे म्हणणे तुरटीच्या आजीसारखेच होते. मूळ औषध माहीत आहे. त्याचे आम्लाशी जोडून क्षार करता येतात, हे कंपनीच्याच आधीच्या पेटंटमध्ये लिहिलेले आहे. औषधाचा क्षार करून पाहणे हे औषधशास्त्रातले रोजचे काम आहे. यात शोध कुठे आहे?

२३ मार्च २०२३ रोजी, म्हणजे जागतिक क्षयरोग दिनाच्या आदल्या दिवशी, मुंबई पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. हे जाणकाराला सुचण्यासारखे आहे, आणि कलम ३(डी) च्या कसोटीवरही ते उतरत नाही, असे ठरले.

परिणाम काही महिन्यांत दिसला. मुंबईच्या लुपिन कंपनीची गोळी जागतिक खरेदीत उतरली. सहा महिन्यांच्या उपचाराला जॉन्सन अँड जॉन्सन २८९ डॉलर, म्हणजे अंदाजे २४,००० रुपये घेत होती. ऑगस्ट २०२३ मध्ये लुपिनने १९४ डॉलर दर दिला, तेव्हा तीच जुनी कंपनी १३० डॉलरवर उतरली. म्हणजे अंदाजे ११,००० रुपये. गोळी तीच, कंपनी तीच. शेजारी दुसरे दुकान लागले आणि भाव निम्म्याहून खाली आला. सप्टेंबर २०२३ मध्ये जगभरातल्या दबावानंतर कंपनीने १३४ गरीब व मध्यम देशांत या औषधाची पेटंटे वापरून कोणाला अडवणार नाही, असे जाहीर केले.

अपिलातही टिकते का?

पेटंट नाकारले की कंपनी गप्प बसत नाही, अपील करते. असे अपील आता उच्च न्यायालयात चालते. म्हणून हरकत घेणाऱ्याने पुढची वाटही ओळखून असावे. त्यासाठी रक्ताच्या कर्करोगावरच्या ग्लिवेकचे उदाहरण आहे.

नोव्हार्टिस कंपनीने औषधाच्या एका विशिष्ट स्फटिकरूपावर पेटंट मागितले. हरकत घेणाऱ्यांत मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही संस्था होती. २००६ साली चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला. कंपनी अपिलात गेली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. १ एप्रिल २०१३ रोजी न्यायमूर्ती आफताब आलम आणि न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई यांनी कंपनीचे अपील फेटाळले. नवे रूप शरीरात तीस टक्के जास्त शोषले जाते, असा कंपनीचा दावा होता. न्यायालयाने म्हटले, औषधाच्या बाबतीत परिणाम म्हणजे रोगावरचा परिणाम, आणि तो वाढल्याचे तुम्ही दाखवलेले नाही. कंपनीच्या गोळ्यांचा महिन्याचा खर्च सुमारे १ लाख २० हजार रुपये होता, भारतीय कंपन्यांचा आठ ते दहा हजार. या एका निकालावर कितीतरी घरांत माणूस वाचणार की जाणार, हे ठरणार होते.

कंपनीची बाजू

कंपन्या म्हणतात, पेटंट नसेल तर नवे औषध कोण शोधील? प्रश्न खोटा नाही. शोधाला पैसा लागतो, आणि दहा औषधांतली नऊ वाया जातात. कधी कधी क्षार बदलल्याने गोळी खरोखर जास्त चांगली होते, हेही मान्य. पण मग ते दाखवा. कायदा दार बंद करत नाही, पुरावा मागतो.

आणि पैसा फक्त कंपनीचा असतो हेही खरे नाही. बेडाक्विलिनवर झालेल्या खर्चाचा हिशेब मांडणारा एक अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यात सरकारे आणि सेवाभावी संस्था यांनी घातलेला पैसा कंपनीच्या खर्चापेक्षा जास्त निघाला. तपासणीसाठी शरीर दिले ते रोग्यांनी. ज्या औषधाच्या शोधात जनतेचा पैसा आणि रोग्याचे शरीर आहे, त्याच्या मुदतवाढीला हरकत घेणे म्हणजे विज्ञानाला विरोध करणे नव्हे.

दार अरुंद होत आहे

पेटंट मिळण्याआधी हरकत कोणी घ्यायची? कायद्याच्या कलम २५ मध्ये शब्द आहेत : कोणतीही व्यक्ती. कंपनी असण्याची अट नाही, डॉक्टर असण्याची नाही, नुकसान झालेले असण्याचीही नाही. तलाठ्याकडे फेरफाराची नोटीस लागते आणि आपण हरकत नोंदवतो, तसेच हे.

मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने पेटंटचे नियम बदलले. आधी या हरकतीला शुल्क नव्हते, आता ते लागले. शिवाय हरकत ऐकण्यायोग्य आहे की नाही, हे पेटंट अधिकारी आधी ठरवणार, मग पुढे नेणार. औषध देशात प्रत्यक्ष किती बनवले आणि विकले, हे कंपनीने दरवर्षी सांगायचे असे. आता तीन वर्षांतून एकदा सांगितले तरी चालते. खोट्या हरकतींनी अर्ज रखडतात, म्हणून हे केले, असे कारण दिले जाते. पण खोटी हरकत गुणावर फेटाळता येते. शुल्काची आणि चाळणीची पहिली झळ लागते ती रोग्याला. वकील आणि पैसा कंपनीकडे आधीपासूनच आहेत.

कायद्याने दार उघडे असणे आणि त्यातून आपल्याला आत जाता येणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या समाजाला हे सांगायला नको. १९२३ साली बोले ठरावाने सार्वजनिक पाणवठे खुले झाले, महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केले. तरी पाणी घ्यायला २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना हजारो लोकांसह चालत जावे लागले, आणि कोर्टातला वाद उच्च न्यायालयाच्या १९३७ च्या निकालापर्यंत चालला. हक्क वापरला नाही तर तो कागदावरच राहतो. पेटंटवरच्या हरकतीचे तेच होऊ नये.

आपण काय करायचे

जळगाव जामोदहून मुंबईचे पेटंट कार्यालय गाठून हरकत लिहा, असे मी कोणाला सांगत नाही. ते काम वकील आणि रोग्यांच्या संघटना करतील. पण त्यांच्या मागे लोक आहेत, हे दिसले पाहिजे. विहारातल्या रविवारच्या बैठकीत एकदा हा विषय घ्या. विज्ञान किंवा कायदा शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींना हे क्षेत्र सांगा. रसायनशास्त्र कळणारी आणि रोग्याची बाजू घेणारी माणसे या कामात फार थोडी आहेत. खासदाराला निवेदन द्यायचे झाले तर मागणी एका ओळीची आहे : रोग्यांच्या आणि त्यांच्या संघटनांच्या हरकतीला शुल्क नको.

आणि स्वस्त झालेली गोळी वाया जाऊ देऊ नका. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणे, थुंकीत रक्त यांपैकी काही असेल तर ग्रामीण रुग्णालयात किंवा आशाताईंकडे जा आणि थुंकीची तपासणी करून घ्या. जंतू औषधाला दाद देतो की नाही, हे सीबीनॅट किंवा ट्रूनॅट तपासणीत कळते. ती विनामूल्य आहे. एमडीआर निघाला तरी आता सर्वांना दोन वर्षे काढावी लागत नाहीत. बेडाक्विलिन असलेला सहा महिन्यांचा उपचार आपल्या देशाने सप्टेंबर २०२४ मध्ये मान्य केला आहे. तो कोणाला चालेल हे डॉक्टर ठरवतात. ही गोळी जेवणासोबत घ्यायची असते आणि मधून मधून हृदयाची ईसीजी तपासणी करावी लागते, ती टाळू नका. पोषणासाठी महिन्याला मिळणारे ५०० रुपये नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले आहेत. खात्यात आले नाहीत तर विचारा. १८००-११-६६६६ हा क्षयरोगाचा मोफत फोन आहे.

ऊसतोडीला, वीटभट्टीला किंवा सुरत-पुण्याला जाणाऱ्यांनी निघण्याआधी दवाखान्यात सांगावे, म्हणजे उपचार तिकडच्या केंद्राकडे देता येतो. गोळ्या मध्येच सोडल्या तर जंतू बेडाक्विलिनलाही दाद देईनासा होतो. मग तिच्या जागी पुढची नवी गोळी कधी येईल आणि ती किती कंपन्या बनवतील, हे आज कोणाच्या हातात नाही. हातात असलेली गोळी पूर्ण घेणे मात्र आपल्याच हातात आहे.